काट्याच्या उलट

शेणव्याच्या अलीकडे, डांबरी रस्ता सोडून थोडं आत गेलं की एक पाडा लागतो. तिथे कुणाच्या पायात काटा मोडला की तो लंगडत चंद्राबाईच्या ओटीवर येतो. बाभळीचा काटा असो, करवंदीचा असो, बांबूची सल असो, चंद्राबाई ते काढते. शेजारच्या पाड्यांतूनही लोक येतात.

कामाची तिची रीत ठरलेली. आधी पाय धुवायचा. धुतल्याशिवाय ती हात लावत नाही, मग आलेला कितीही मोठा असो. पदराला टोचलेली सुई जाळावर लाल करायची. उन्हाकडे तोंड करून बसायचं, टाच मांडीवर घ्यायची. सुईने वरची कातडी उकलायची, काट्याच्या भोवतीने मोकळं करायचं आणि दोन्ही अंगठ्यांनी दोन बाजूंनी दाबायचं. मग काटा आपणहून डोकं वर काढतो. कुणी ओरडलं तर ती म्हणते, "काट्यावर पाय देताना तोंड मिटून व्हतास ना? मग आता बी मिट."

आणि एक गोष्ट ती कधी सोडत नसे. अर्धा काटा ठेवायचा नाही. अर्धा काढलेला काटा म्हणजे न काढलेला काटा. त्यासाठी दुपारची संध्याकाळ झाली तरी चालेल.

भागी तिची मैत्रीण. चंद्राबाई बौद्धवाडीतली, भागी कुणब्यांच्या आळीतली. दोघींची घरं पाड्याच्या दोन टोकांना, पण शेळ्या एकाच माळावर. इतकी वर्षं सोबत हिंडून शेळ्यांनाही कुठली कुणाची ते कळेनासं झालं होतं. भागी बोलायची, चंद्राबाई ऐकायची. भागीला बोलून थकवा आला की ती मोहाच्या सावलीत चंद्राबाईच्या मांडीवर डोकं टाकून खुशाल झोपायची आणि चंद्राबाई तिच्या केसांतल्या उवा बघत बसायची.

त्यांच्यासोबत भागीचा कुत्रा असायचा. त्याचं नाव कंडक्टर. फाट्यावर एस.टी. आली की हा धावत जायचा, उतरणाऱ्या प्रत्येकाला हुंगायचा, आणि गाडी हलेपर्यंत दाराशी उभा राहायचा. शेवटचा माणूस चढला की एकदा भुंकायचा. गाडी त्याच्या भुंकण्यावर सुटते असं भागीचं म्हणणं होतं.

गवतकापणीचे दिवस होते. माळावर कमरेएवढं वाळलेलं गवत, त्यात दिवसभर वाकून दोघी विळा चालवत होत्या. एका सकाळी भागी मान चोळत चंद्राबाईच्या ओटीवर आली.

"चंद्रे, मानंत कूस रुतलीय गवताची. झोपू दिलं नाय रातभर. काढ बरं."

चंद्राबाईने तिचा अंबाडा वर उचलला. केसांच्या कडेला वाटाण्याएवढं करडं काहीतरी चिकटलं होतं. त्याला पाय होते.

"कूस नाय गो. गोचीड हाय."

"अगो बाई!" भागी हसायला लागली. "म्हंजे मी शेळीच झाले की गो. आता पाला टाक पुढ्यात."

चंद्राबाईने काट्याला करते तेच केलं. मान धुतली. घरात होतं ते थोडं रॉकेल बोटाने लावलं, कारण सगळेच लावतात. मग दोन्ही अंगठ्यांनी दोन बाजूंनी दाबलं. गोचीड फुटली. रक्त आलं, पण तोंड कातडीतच राहिलं, बारीक काळा ठिपका. चंद्राबाईला अर्धं काही ठेवायची सवय नव्हती. तिने सुई घेतली आणि कोरायला बसली. भागीने दात आवळून धरले. तिचा या हातावर विश्वास होता. बऱ्याच वेळाने ठिपका निघाला, आणि चंद्राबाईने पदराने घाम पुसला.

दोन दिवसांनी मानेवर गाठ आली. पुढच्या आठवड्यात भागी तापाने फणफणली, अंगावर बारीक लाल पुरळ उठलं. सुनेने, संजीवनीने, रिक्षा बोलावून तिला शहापूरला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी मानेवरची जखम पाहिली आणि विचारलं, गोचीड चावली होती का, आणि हे कोरलं कुणी. गोचिडीचं कळल्यावर त्यांनी त्या तापाचं औषध सुरू केलं. भागी वाचली. पण घरी आली ती अंगावरची चोळी ढिली होईल इतकी उतरून.

चंद्राबाई भेटायला गेली, तेव्हा संजीवनी दारातच उभी राहिली.

"आई झोपल्यात, काकी."

आतून भागीचा खोकला आला. झोपलेल्या माणसाचा नव्हता तो.

"बरं," चंद्राबाई म्हणाली. नेलेली पेजेची कासंडी तिने उंबऱ्यावर ठेवली. दुसऱ्या दिवशी ती धुऊन तिच्या ओटीवर आलेली होती. कुणी ठेवली ते दिसलं नाही.

भागी उठून हिंडायला लागली तेव्हा तिने शेळ्या ओढ्याच्या पलीकडे न्यायला सुरुवात केली. तिकडे चारा कमी होता. शेळ्या अलीकडच्या सवयीच्या, त्या सारख्या पाण्यात उतरून इकडे यायच्या आणि भागी काठी आपटून त्यांना परत वळवायची. चंद्राबाई मोहाखाली बसून ते बघायची. हाक मारावी असं वाटे. पण हाक मारून म्हणायचं काय? ताप गोचिडीने आला असेल, पण ती फोडली कुणी? गाठ तर सुईचीच होती, आणि सुई तिच्या पदराला अजून टोचलेली होती.

लोक काट्यासाठी येतच होते. ती काढतही होती. पण भागी शेळ्या घेऊन ओढ्यापलीकडे जायला लागली तेव्हापासून दिवसभरात तिच्याशी कुणी धड बोललं नव्हतं. लोक पाय पुढे करायचे, काटा निघाला की निघून जायचे. मुलगा महेंद्र पहाटे कामासाठी आटगावची गाडी गाठायला निघायचा तो दिवेलागणीला यायचा.

थंडी सरताना तिची एक शेळी चारा सोडून उभी राहिली. चंद्राबाईने तिला शेणव्याला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. तिथे जीवन नावाचा मध्यमवयीन माणूस आहे. औषध पाजायचं, जखमा बांधायच्या, डॉक्टर सुई टोचताना बैलाचं नाक धरायचं, ही त्याची कामं. डॉक्टरांनी शेळी तपासली, औषध दिलं आणि जीवनला सांगितलं की कानातल्या गोचिड्या तेवढ्या काढून दे.

जीवनने हातमोजे घातले, बारीक टोकाचा चिमटा घेतला. चंद्राबाई त्याच्या हाताकडे बघत राहिली. हा दाबत नव्हता. खणत नव्हता. गोचिडीचं फुगलेलं पोट त्याने धरलंच नाही. चिमट्याचं टोक कातडीला टेकवून, जिथे तोंड रुतलेलं असतं तिथेच धरलं, आणि सरळ वर ओढत राहिला. झटका नाही, पीळ नाही. कातडी तंबूसारखी उचलली गेली, क्षणभर तशीच राहिली, आणि गोचीड सुटली. पाय हलत होते. त्याने ती साबणाच्या पाण्याच्या बाटलीत टाकली.

"अख्खी निघाली," चंद्राबाई म्हणाली.

"अख्खीच काढायची असते मावशी."

"रॉकेल नाय लावलंत."

"रॉकेल नाय, चुना नाय, बिडीचा चटका तर मुळीच नाय. तिला त्रास दिला की ती पोटातलं ओकते. ओकते कुठं? आपल्या अंगात. बोटानं दाबली तरी तेच. फुटली तर ते रगत आपल्या हाताला, नखाला. म्हणून फोडायची बी नाय."

"आमी तर दगडावर ठेचतो."

"सगळेच ठेचतात. मी बी ठेचायचो."

चंद्राबाईने बाटलीतल्या गोचिडीकडे पाहिलं. मग तिने विचारायचं ते विचारलं. "आन तोंड आत राहिलं तर?"

"चिमट्यात सहज आलं तर घ्यायचं. नाय आलं तर राहू द्यायचं. साबणानं धुवायचं आन बघत राहायचं. कातडी आपणच बाहेर टाकते त्याला. लाल व्हायला लागलं, ताप आला, तर दवाखान्यात जायचं आन गोचीड चावलेली ते सांगायचं. पण कोरायचं नाय."

"राहू द्यायचं?"

"राहू द्यायचं."

"म्हंजे काट्याच्या सगळंच उलट."

जीवन हसला. "काटा मेलेला असतो मावशी. ही जिती असते, आन धरून बसलेली असते. भांडायला गेलात की ती बी भांडते."

चंद्राबाई शेळी घेऊन घरी आली. महेंद्रला तिने तसला चिमटा आणायला सांगितला. त्याने पहिल्यांदा भुवईचा आणला, रुंद टोकाचा. तिने तो परत पाठवला. दुसऱ्यांदा बरोबर आला, रबराच्या हातमोज्यांसकट.

तिने आपल्याच शेळ्यांपासून सुरुवात केली. वाटलं होतं तितकं सोपं नव्हतं. डोक्याला कळलं होतं, अंगठ्यांना कळलं नव्हतं. चिमटा धरला की डावा अंगठा आपोआप कातडी दाबायला जायचा. ओढताना शेवटी मनगट वळायचं, कारण काट्याला शेवटी एक हलका पीळ द्यावा लागतो. पहिल्या काही तर तिने तोडल्याच. मग तिने डावा हात सरळ शेळीच्या शिंगावर ठेवायला सुरुवात केली, म्हणजे त्याला दुसरं काम राहील. उजव्या हाताला तिने सावकाश ओढायला शिकवलं. दुपारच्या दुपारी त्यात गेल्या. गोठ्याचे कोपरे, भिंतीच्या भेगा तिने झाडून काढल्या, जीवनने दिलेलं औषध मारलं, कारण शेळी साफ करून गोठा तसाच ठेवणं म्हणजे भांडं घासून राखेत पालथं घालणं.

शेळ्या साफ करून झाल्या तेव्हा तिची नजर कंडक्टरवर गेली.

कंडक्टरला भांडणाचं काही पडलं नव्हतं. एस.टी. गेली की तो नेहमीसारखा चंद्राबाईच्या ओटीवर येऊन भाकरीची वाट बघत बसायचा. त्याच्या कानांत, पट्ट्याखाली, बोटांच्या बेचक्यांत गोचिड्या भरलेल्या. चंद्राबाईने रोज थोड्या काढायला घेतल्या. तो भाकरी खाऊन आडवा पडायचा आणि पाय वर करून द्यायचा. घरी जाताना तो रोज थोडा हलका होऊन जायचा. भागीने ते पाहिलंच असणार. कुत्रा आपला आपण साफ होत नाही. पण तरी ती शेळ्या ओढ्यापलीकडेच नेत राहिली.

एके दिवशी चंद्राबाई त्याच्या पोटावर आली. केसांत एक लहान, काळपट, घट्ट चिकटलेली दिसली. हात आता बसला होता, त्यामुळे तिने फार निरखलं नाही. चिमटा कातडीला टेकवून धरलं आणि सरळ वर ओढलं.

कंडक्टर असा केकाटला की शाळेतली पोरं दारात आली. तो ओटीवरून उडी मारून पाड्याच्या मधून, सगळ्यांना ओरडून सांगत, थेट घरी गेला आणि भागीच्या लुगड्यामागे लपला.

थोड्या वेळाने भागी आली. गवतकापणीनंतर पहिल्यांदा ती या अंगणात उभी होती. कंबरेवर हात.

"काय उपटत व्हतीस गो माझ्या कुत्र्याचं?"

चंद्राबाई चिमटा हातात धरून तशीच बसली होती. "गोचीड."

"गोचीड! सड हाय तो त्याचा!"

"कुत्र्याला? गडी हाय ना तो?"

"मग गड्यांना नसतात का? महेंद्रला नायत का? त्याचे बी उपटलेस की काय लहानपणी?"

चंद्राबाईने पदर तोंडाला लावला. भागीने ओठ दाबून धरले, पण तिला हसू आवरलं नाही. ते नाकातून बाहेर पडलं. क्षणभर वाटलं की ती आता ओटीवर टेकेल. मग तिचा हात सवयीने मानेमागे गेला, तिथे खळगा राहिला होता. ती म्हणाली, "कुत्र्याला सोड बाई. इतकंच सांगायला आले," आणि वळून गेली.

चंद्राबाई बराच वेळ अंगणाकडे बघत राहिली. चेष्टा परत आली होती. मान हातात द्यायचा भरवसा परत आलेला नव्हता.

उन्हं तापायला लागली होती. मोहाची फुलं पडायला लागली तेव्हा बायका सकाळपासून झाडांखाली बसून वेचायच्या, पाल्यापाचोळ्यात मांड्या घालून. अशाच एका दुपारी संजीवनी पाड्याच्या दुसऱ्या टोकाकडून भराभर चालत आली.

"काकी, आईंनी बोलावलंय. चिमटा घेऊन या म्हणाल्या."

चंद्राबाई उठली. वाटेत संजीवनी म्हणाली, "गुडघ्याच्या मागं हाय, वळीत. त्यांना दिसत नाय. मी म्हटलं बिडी पेटवून लावते, आमच्या माहेरी तसंच करतात. तर ओरडल्या माझ्यावर. म्हणाल्या, कंडक्टरचे कान बघ कसे साफ झाल्यात, तिलाच बोलव." जरा थांबून ती म्हणाली, "पण काकी, मागच्यासारखं कोरू नका."

"नाय कोरत."

भागी ओटीवर पालथी पडली होती, हनुवटी हातावर. तिने मान वळवली नाही. "आलीस? हळू कर. कंडक्टरसारखी पळता नाय येणार मला."

चंद्राबाईने हात धुतले, हातमोजे घातले. संजीवनीने मोबाईलचा उजेड धरला. गोचीड लहान होती, अजून फुगलेली नव्हती, पण खोल रुतलेली. चंद्राबाईने डावा हात भागीच्या पोटरीवर ठेवला आणि तिथेच राहू दिला. चिमटा कातडीला टेकवला. धरलं. वर ओढत राहिली.

"निघाली का?"

"गप."

भागीची कातडी आता म्हातारी, ती लांबपर्यंत वर आली. चंद्राबाईचं मनगट वळायला बघत होतं. तिने ते वळू दिलं नाही. भागीला अचानक कसलीशी कळ आली आणि तिने पाय आखडला. गोचीड सुटली. चंद्राबाईने ती उजेडात धरली. पाय होते, पोट होतं, पण तोंडाचं टोक नव्हतं. गुडघ्याच्या वळीत काळा ठिपका दिसत होता.

तिने गोचीड साबणाच्या पाण्यात टाकली. चिमट्याने ठिपका एकदा अलगद धरून पाहिला. आला नाही.

उजवा हात पदराकडे गेला. सुई तिथेच होती. सुईला ते काम काहीच नव्हतं. कातडी जरा उकलली असती, बाजूने मोकळं केलं असतं, की झालं. आयुष्यात तिने कुणाच्या अंगात काही अर्धं ठेवलं नव्हतं. संजीवनीची नजर त्या सुईवर गेली.

चंद्राबाईने हात खाली घेतला.

"भागे," ती म्हणाली, "तोंड राहिलंय आत."

चंद्राबाईने चिमटा बाजूला ठेवला.

"मी काढणार नाय. कातडी आपण टाकंल. मागं मी कोरलं तिथंच चुकलं."

"तुला राहवंल का गो?" भागीने विचारलं, अजून पालथीच.

"नाय राहवणार. पण नाय काढणार."

तिने साबणाने ती जागा धुतली, हळूच पुसली. हातमोजे उतरवून पुन्हा हात धुतले. संजीवनीला सांगितलं, लाल पसरलं, अंग दुखलं, कणकण आली तर एक दिवस थांबायचं नाही, शहापूर गाठायचं, आणि गोचीड कधी चावली ते आधी सांगायचं. संजीवनीने मोबाईलमध्ये तारीख टाकून ठेवली.

त्यानंतर रोज सकाळी शेळ्या सोडायच्या आधी चंद्राबाई भागीच्या ओटीवर यायची. आधी कपाळाला हात. मग पाय. ठिपका बघायचा आणि जायचं. सुरुवातीला भोवती जरा लाल होतं. त्या दिवसांत चंद्राबाईला जेवण गेलं नाही. रात्री ती उशीला गाल टेकून डोळे उघडे ठेवून पडायची. मागच्या खेपेला गाठ कोणत्या दिवशी आली, ताप कोणत्या दिवशी, हे तिच्या डोक्यात फिरत राहायचं. कोरून काढणं सोपं होतं. एका दुपारचं काम. हे न करण्याचं काम संपतच नव्हतं.

"मी म्हस हाय का गो," भागी म्हणायची, "रोज येऊन हात फिरवतेस ते? दूध काढायचंय का?"

"गप पड. पाय कर इकडं."

"पाय कर, पाय कर. माझ्या नवऱ्यानं इतके पाय नाय बघितले माझे."

लाली गेली. ठिपका वाळला, वर आला, आणि एका सकाळी तिथे काहीच नव्हतं. नुसती म्हाताऱ्या कातडीची घडी. चंद्राबाईने बोट फिरवून दोनदा पाहिलं. कपाळ गार होतं. शहापूरच्या डॉक्टरांनी मागे सांगितलेले धोक्याचे दिवसही उलटून गेले होते.

"गेलं," ती म्हणाली.

"गेलं ना? मग आता नको येऊस उद्या," भागी म्हणाली. "सकाळी सकाळी तुझं तोंड बघून माझा दिवस खराब जातो."

"नाय येत."

दुसऱ्या दिवशी चंद्राबाई गेली नाही. सांगितलं होतं, आणि काम संपलं होतं. काम संपल्यावर उगाच रेंगाळायची तिला सवय नव्हती. तिने चूल पेटवली, भाकरीचं पीठ मळायला घेतलं. बाहेर शेळ्यांचा आवाज आला. तिच्या अजून बांधलेल्याच होत्या. तिने दारातून डोकं बाहेर काढलं.

भागीच्या सगळ्या शेळ्या अंगणात शिरून कारल्याच्या वेलाला लागल्या होत्या. मधोमध भागी उभी, काठी टेकून, घामाघूम.

"काय गो, मेलीस की काय?" ती म्हणाली. "केव्हाची वाट बघतेय. कपाळ कोण बघणार माझं?"

"तूच म्हणालीस ना, नको येऊ."

"मी म्हणाले! मी काय, दिवसभर बोलतच असते. कधी ऐकलंस?" भागी ओटीवर चढून बसली, पाठ फिरवली आणि अंबाडा सोडला. "आधी डोकं बघ. सुनेच्या हाताला नजर नाय. किती महिन्यांचं साचलंय."

चंद्राबाईने पिठाचे हात धुतले. वेल खाणाऱ्या शेळ्यांना हाकलायला कुणी उठलं नाही.